नूर इनायत खान : कुलूप पक्कं होतं, वही उघडी राहिली

13 सप्टेंबर हा नूर इनायत खानच्या शहादतीचा दिवस. 1944 साली याच तारखेला जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. वय अवघं तीस. टिपू सुलतानच्या खानदानातली लेक, सुफी बुजुर्गांची मुलगी, लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणारी लेखिका, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून गुप्त संदेश पाठवणारी वायरलेस ऑपरेटर. आपल्याकडे तिच्यावर लिहिलं जातं ते बहुतेक वेळा तिच्या बहादुरीवर आणि टिपू सुलतानच्या नात्यावर. ते लिहायलाच हवं. पण यंदा आम्हाला तिची आठवण झाली ती एका वहीमुळे.

आधी ते कारण सांगतो. परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं आमचं पोखर्णी. नृसिंहाच्या मंदिरामुळे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असलेलं गाव. इथेही आता बऱ्याच घरांत लॅपटॉप आलाय. गेली काही वर्षं आपल्या लोकांची कागदपत्रं गोळा करायची धावपळ चाललीये. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, आधार, पॅन, निकाहनामा, मुलांच्या स्कॉलरशिपचे कागद, सगळं स्कॅन करून संगणकावर ठेवलं जातंय. 2025 मध्ये वक्फच्या मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून गावोगावच्या मशिदी, ईदगाह, कब्रस्तानांचे कागदही कोणाच्या तरी घरच्या नाहीतर दुकानातल्या संगणकावर येऊन बसलेत. काम चांगलं आहे. पण ते सगळं असतं एका उघड्या फोल्डरमध्ये, अगदी समोर डेस्कटॉपवर. त्याच्याच शेजारी एक छोटी फाइल, आणि तिच्यात सगळे पासवर्ड एकाखाली एक लिहून ठेवलेले. खोटं कशाला सांगायचं, आम्हीही परवापरवापर्यंत असंच करत होतो.

नूरची वही अशीच होती. तिच्यापर्यंत पोहोचायला मात्र तिच्या आयुष्याच्या वाटेनेच जायला हवं.

(नूरला आम्ही इथे एकेरीत लिहितोय. घरातल्या लेकीला आपण अहो-जाहो करत नाही, तसंच हे समजा.)

गोष्ट सुरू होते बडोद्यात. गायकवाडांचं मराठी संस्थान. तिथे नूरचे पणजोबा मौला बख्श दरबारी गवई होते. नुसते गवई नव्हेत, तर गाणं कागदावर लिहून काढायची स्वतःची पद्धत बसवणारे विद्वान. 1886 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहायला हवं, असा तो काळ. त्या काळात सर्वसामान्यांच्या मुलांना वर्गात बसवून संगीत शिकवायचं, ही कल्पनाच नवी होती. मौला बख्श यांचा निकाह टिपू सुलतानच्या घराण्यातल्या कासिम बी यांच्याशी झाला होता, असं खानदानात सांगत आले. म्हैसूर पडल्यावर टिपूच्या वंशजांवर इंग्रजांची कायम नजर असायची, म्हणून ही गोष्ट घरातही हळू आवाजात बोलली जायची.

याच घरात 5 जुलै 1882 रोजी मौला बख्श यांचे नातू इनायत खान जन्मले. आजोबांकडे संगीत शिकले, पुढे त्याच गायनशाळेत शिकवलं, आणि हैदराबादेत चिश्ती सिलसिल्यातल्या मुर्शिदांच्या हाती बैअत केली. 13 सप्टेंबर 1910 रोजी भावांना बरोबर घेऊन, वीणा सोबत घेऊन, ते मुंबईहून जहाजाने अमेरिकेला निघाले. पश्चिमेकडच्या लोकांना गाण्यातून सुफी विचार सांगायचा, हा इरादा. तारीख लक्षात ठेवा. बरोबर चौतीस वर्षांनी त्याच तारखेला त्यांची लेक मारली जाणार होती.

अमेरिकेत त्यांची ओरा रे बेकर या तरुणीशी ओळख झाली. तिच्या घरच्यांचा विरोध होता. ती एकटीच घर सोडून युरोपात आली, 1913 मध्ये लंडनला दोघांचं लग्न झालं आणि ती अमीना बेगम झाली. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1914 रोजी, मॉस्कोत नूर-उन-निसा जन्मली. घरात तिला लाडाने बाबुली म्हणायचे. तिच्यानंतर विलायत, हिदायत आणि खैर-उन-निसा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसं कुटुंब लंडनला आलं आणि 1920 च्या सुमाराला फ्रान्सला. पॅरिसजवळ सुरेन इथे एका मुरीदाने दिलेल्या मोठ्या घराला इनायत खान साहेबांनी नाव दिलं फजल मंजिल. नूरचं बालपण त्या घरात गेलं. रोज संध्याकाळी गाणं, जिक्र, दूरदूरचे पाहुणे, बागेत खेळणारी चार मुलं.

हे सुख टिकलं नाही. 1926 मध्ये इनायत खान साहेब हिंदुस्तानात परत आले आणि 5 फेब्रुवारी 1927 रोजी दिल्लीत त्यांचा इन्तिकाल झाला. नूर तेरा वर्षांची होती. अमीना बेगमनी दुःखाने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. तिन्ही लहान भावंडांचं जेवणखाण, शाळा, आजारपण, सगळं या तेरा वर्षांच्या पोरीवर आलं. आपल्याकडच्या किती घरांत थोरल्या मुलीच्या वाट्याला हेच येतं, वेगळं सांगायला नको.

तरी ती शिकली. सोरबॉन विद्यापीठात बालमानसशास्त्र, नादिया बुलांझे यांच्यासारख्या नामांकित बाईंच्या हाताखाली संगीत. वीणा वाजवायची, हार्प वाजवायची. फ्रेंच वर्तमानपत्रात आणि पॅरिस रेडिओवर मुलांसाठी गोष्टी द्यायला लागली. 1939 मध्ये जातककथांवर आधारलेलं तिचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. मुसलमान सुफीची मुलगी बुद्धाच्या पूर्वजन्माच्या गोष्टी इंग्रजीत सांगते, यात त्या घराला काही नवल वाटलं नसणार. त्या पुस्तकात माकडांच्या राजाची एक गोष्ट आहे. आपल्या लोकांना नदी ओलांडता यावी म्हणून तो स्वतःच्या अंगाचा पूल करतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

जून 1940 मध्ये हिटलरच्या फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या. नूर आणि विलायत यांनी बसून विचार केला. वालिदांनी तर अहिंसा शिकवलेली. कोणाचा जीव घ्यायचा नाही, हे दोघांनाही मान्य होतं. पण समोर जे चाललं होतं ते बघत हात जोडून बसणंही त्यांना पाप वाटलं. मग ठरलं की मारायचं नाही, पण ज्यात स्वतःच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका आहे ते काम घ्यायचं. कुटुंब बोर्दोमार्गे इंग्लंडला पोहोचलं. विलायत नौदलात गेला, समुद्रातले सुरुंग काढायच्या जहाजावर. नूर नोव्हेंबर 1940 मध्ये हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली. तिथे तिला वायरलेसचं शिक्षण मिळालं.

बढतीच्या मुलाखतीत अधिकाऱ्यांनी तिला हिंदुस्तानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं. तिने सरळ सांगून टाकलं की आपण आपल्या देशाच्या नेत्यांच्या बाजूने आहोत. अधिकारी चाट पडले. नोकरी जाईल याची तिला फिकीर नव्हती. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. हा गुण पुढे गुप्तहेराच्या प्रशिक्षणात मोठी अडचण ठरला.

फ्रेंच अस्सल, वायरलेस येतं, हिंमत आहे. एसओई या गुप्त खात्याला असाच माणूस हवा होता. 1943 च्या सुरुवातीला त्यांनी तिला घेतलं. प्रशिक्षकांचे शेरे मात्र चांगले नव्हते. भित्री वाटते, विसरभोळी आहे, खोटी ओळख सांगताना गडबडते, असं कोणी कोणी लिहून ठेवलं. थंडीने बोटं सुजायची, त्यामुळे वायरलेसची कळ ती धाडधाड दाबायची. त्यावरूनही चेष्टा व्हायची.

संदेश गुप्त करायचे कसे, हे शिकवणारा माणूस होता लिओ मार्क्स. विशीतला तरुण, खात्याच्या सांकेतिक लिपीचा प्रमुख. नूरला भेटण्याआधी त्याने तिचं गोष्टींचं पुस्तक वाचून काढलं, आणि माकडांच्या त्या पुलाच्या गोष्टीचाच आधार घेऊन तिला सांकेतिक लिपीतली काळजी समजावली, असं त्याने नंतरच्या आठवणींत सांगितलंय.

ती पद्धत जरा समजून घेऊ, कारण आपल्या संगणकातलं एन्क्रिप्शन याच जातीचं आहे. एजंटने एक कविता पाठ करायची. त्यातले पाच शब्द निवडायचे. त्या शब्दांतल्या अक्षरांना क्रमांक द्यायचे, आणि त्या क्रमांकांप्रमाणे संदेशातली अक्षरं उलटीसुलटी करायची. एकदा नव्हे, दोनदा. बाहेर येतो तो नुसता अक्षरांचा भुसा. जर्मन तो हवेतून पकडणार, त्याला इलाज नाही. पण कोणते पाच शब्द, हे माहीत नसेल तर तो उलगडणं फार कष्टाचं काम. म्हणजे पेटी सगळ्यांसमोर, किल्ली फक्त डोक्यात. (एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घालून लिहिलेले संदेश अक्षरांची गिनती करून कसे फोडायचे, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदींनी लिहून ठेवलं होतं. त्यांच्यावर कधी तरी वेगळं लिहू.)

शिवाय प्रत्येक एजंटला एक खूण दिलेली असायची. आपण पकडलो गेलो आणि शत्रूने जबरदस्तीने संदेश पाठवायला लावला, तर ती खूण बदलायची, म्हणजे लंडनला कळेल. मार्क्सने नूरला याहून एक जास्तीची खूण दिली. किल्लीचे शब्द अठरा अक्षरांचे कधी घ्यायचे नाहीत. अठरा अक्षरांची किल्ली आली की आम्ही समजू, नूर त्यांच्या हातात आहे. यात तिला तोंडाने खोटं बोलायची गरज नव्हती, म्हणूनच बहुधा त्याने ही युक्ती काढली.

16 जून 1943 च्या रात्री लहानशा विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. इंग्रजांनी फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव मॅडलिन. कागदोपत्री ती मुलांना सांभाळणारी आया, जान-मारी रेनिए.

आठवडा-दीड आठवडा झाला नाही तोच आभाळ कोसळलं. पॅरिसमधलं प्रॉस्पर नावाचं मोठं जाळं जर्मनांनी फोडलं. प्रमुख, त्याचा वायरलेसवाला, निरोप पोहोचवणारी बाई, एकामागून एक पकडले गेले. लंडनने नूरला परत यायला सांगितलं. तिने नकार दिला. मी आले तर पॅरिसमधून संदेश पाठवायला कोणी उरणार नाही, असं तिचं म्हणणं. आणि काही काळ ते खरंच होतं. ज्या पोरीला प्रशिक्षकांनी भित्री ठरवलं होतं, ती एकटी त्या शहरातला धागा धरून राहिली.

काम कसं होतं ते डोळ्यासमोर आणा. पंधरा किलोच्या घरात वजनाचा सेट, साध्या सुटकेसमध्ये. खिडकीबाहेर लांबलचक एरियल लावायची. संदेश सुरू झाला की जर्मनांच्या गाड्या दिशा शोधत गल्लीत फिरायला लागायच्या. थोड्या वेळात आटपून निघायचं, पुढच्या वेळी दुसरं घर. केस कधी या रंगाचे, कधी त्या. एकदा मेट्रोत जर्मन शिपायांनी सुटकेसमध्ये काय आहे असं विचारलं, तर तिने सिनेमा दाखवायचं यंत्र आहे असं सांगून वेळ मारून नेली, अशी हकीगत सांगितली जाते. खोटं न बोलता येणारी नूर इथे मात्र बोलली. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिने असे दिवस काढले. अडकलेले वैमानिक सोडवणं, हत्यारं आणि पैसा मागवणं, कोण पकडलं कोण सुटलं याची खबर, हे सगळं तिच्या बोटांतून जात होतं.

ऑक्टोबर 1943 मध्ये ती पकडली गेली. कोणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला, किंमत एक लाख फ्रँक, असं सांगतात. घरी आली तर आत माणूस दबा धरून बसलेला. तिने त्याला असं काही चावून ओरबाडून सोडलं की त्याला एकट्याला ती आवरेना, बंदूक रोखून मदत मागवावी लागली. गेस्टापोच्या मुख्यालयात नेल्यावर थोड्याच वेळात आंघोळीचा बहाणा करून ती खिडकीतून छपरावर निघाली. तिथून परत धरून आणली.

आणि तिच्या खोलीत त्यांना ती वही सापडली.

साधी शाळेतल्या मुलांची वही. जूनपासून पाठवलेला आणि आलेला प्रत्येक संदेश त्यात लिहिलेला. सांकेतिक लिपीतला, आणि त्याच्याच बरोबर साध्या भाषेतला. पेटी, किल्ली आणि पेटीतला माल, तिन्ही एकाच जागी.

असं का केलं तिने? यावर लेखकांनी पुष्कळ लिहिलंय. नुसतं निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यावं असं आम्हाला वाटत नाही. तिला मिळालेल्या लेखी हुकुमात संदेशांच्या फायलिंगबद्दल फार काळजी घ्यायला सांगितलं होतं. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. बातमीदार बातमी पाठवतो त्यालाही फायलिंग म्हणतात, आणि कागद नीट लावून ठेवण्यालाही. हुकूम लिहिणाऱ्याच्या मनात पाठवणं होतं, नूरने जपून ठेवणं घेतलं असावं. वालिदांच्या घरात शिस्तीत वाढलेली मुलगी. सांगितलंय तर सगळं नीट लिहून ठेवायचं. जी माणसं सगळ्यात प्रामाणिकपणे कागद जपतात, त्यांच्याच हातून असं होतं, हे आम्ही आजूबाजूलाही बघतो. बेफिकीर माणसाकडे वही सापडतच नाही, कारण तो लिहूनच ठेवत नाही.

पुढचं लिहिताना हात जड होतो. नूरने तोंड उघडलं नाही. पॅरिसमधल्या गेस्टापोच्या प्रमुखाने युद्धानंतरच्या जबाबात कबूल केलं की तिच्याकडून काहीही काढता आलं नाही. पण त्यांना तिची जबानी लागलीच नाही. वहीतून तिची लिहिण्याची ढब कळली, संकेत कळले, खुणा कळल्या. तिच्याच सेटवरून, तिच्याच नावाने, जर्मन लोक लंडनशी बोलायला लागले. लंडनने विश्वास ठेवला. मार्क्सच्या म्हणण्याप्रमाणे ती अठरा अक्षरांची किल्लीही आली होती. मॅडलिनवर संकट आल्याची खबर दुसऱ्या वाटेनेही पोहोचली होती. वरच्या साहेबांनी दोन्हींकडे दुर्लक्ष केलं. आमच्या मते या प्रकरणात सगळ्यात मोठा गुन्हा त्यांचा आहे. वही ठेवणाऱ्या पोरीला नावं ठेवणं सोपं असतं, टेबलामागे बसून घंटा वाजत असताना कान बंद करणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नाही.

फेब्रुवारी 1944 मध्ये लंडनने त्या खोट्या संदेशांवर भरवसा ठेवून माणसं पाठवली. रात्री पॅराशूटने उतरली ती थेट जर्मनांच्या हातात. त्यात मॉरिशसचा फ्रान्स आँतेल्म होता. आदल्या वर्षीच्या धरपकडीत तो पॅरिसमध्ये नूरला भेटलेला, ओळखीचा माणूस. तो नाझींच्या छावणीत मारला गेला. त्याच रात्री त्याच्याबरोबर मॅडलिन दामेरमाँ नावाची फ्रेंच मुलगी उतरली. नाव बघा, नूरच्या सांकेतिक नावासारखंच. तिचं पुढे काय झालं ते येतंच आहे.

नूरला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने नोव्हेंबरमध्ये आणखी दोन कैद्यांना घेऊन पळायचा बेत केला. छताच्या झरोक्याचे गज सैल केले, छपरावर पोहोचलेही, तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, कैद्यांची मोजणी झाली आणि सगळे पकडले गेले. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे, असं सांगण्यात आलं. तिने सही दिली नाही. मग तिला जर्मनीत फोर्झहाईमच्या तुरुंगात पाठवलं. तिथे दहा महिने एकटीला कोठडीत ठेवलं, हातापायांत साखळदंड. जेवणाच्या भांड्याच्या बुडाशी ओरखडून ती शेजारच्या कैदी बायकांना निरोप द्यायची. अशा निरोपांमुळेच ती तिथे होती, हे नंतर जगाला कळलं.

सप्टेंबर 1944 मध्ये तिला आणि आणखी तिघींना डाखाऊला नेलं. योलांद बीकमन, एलियान प्ल्यूमन आणि मॅडलिन दामेरमाँ. होय, तीच, जी नूरच्या नावाने गेलेल्या खोट्या संदेशावर उतरली होती. त्या दोघींत वाटेत काय बोलणं झालं असेल, झालंच असेल तर, हे अल्लाहलाच माहीत. 13 सप्टेंबरच्या सकाळी चौघींना गोळ्या घातल्या आणि देह जाळून टाकले.

आता आमच्या संगणकाकडे येतो. लेख वाचून कोणी विचारेल, आपण काय गुप्तहेर आहोत? नाही. पण आपल्या फोल्डरमध्ये फक्त आपलं नसतं. बहिणीचं आधार असतं, शेजाऱ्याचं पासबुक असतं, कब्रस्तानाच्या नोंदीचा कागद असतो. ती अमानत आहे. लॅपटॉप चोरीला गेला, नाहीतर दुरुस्तीला दिला, तर ती कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. बऱ्याच जणांचा समज असा, की लॅपटॉप सुरू करताना पासवर्ड मागतो, म्हणजे झालं. तसं नाही. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळं वाचता येतं. तो पासवर्ड दाराला आहे, भिंत उघडीच.

एन्क्रिप्शन म्हणजे नूरच्या कवितेसारखं. फाइलचा भुसा होतो, किल्लीशिवाय जुळत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं, होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या मशीनवर सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट. पूर्ण डिस्क नको, थोडेच कागद बंद करायचे असतील तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं, त्यात एक बंद पेटी तयार होते. सेव्हन-झिपनेही पासवर्ड घालून फाइली बांधता येतात, तिथे फाइलींची नावंही झाकायचा पर्याय असतो तो विसरू नका. नावांवरूनच अर्धं कळतं.

एवढं करून लोक थांबतात, आणि वहीचं प्रकरण तिथेच सुरू होतं. कागद बंद पेटीत घातला, पण त्याची मूळ पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच. रिसायकल बिनमध्ये एक. व्हॉट्सॲपवर तीन जणांना पाठवलेली. पेनड्राइव्हवर आणखी एक. आणि पेटीचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवरच्या साध्या फाइलमध्ये. आम्ही आमचं शोधायला बसलो तेव्हा एकाच सातबाऱ्याच्या सहा प्रती निघाल्या. नूरच्या वहीत निदान प्रत एकच होती.

किल्ली हरवली तर काय, हाही प्रश्न खराच. बिटलॉकर चालू करताना अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मिळते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपता येते किंवा छापून ठेवता येते. ती आणि पासवर्ड दोन्ही गेले तर दुकानदारच काय, कंपनीही फाइली उघडून देऊ शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून लॅपटॉपपासून लांब ठेवा, घरातल्या कपाटात, जमिनीच्या मूळ कागदांबरोबर. आणि ती कुठे आहे हे घरात आणखी एका माणसाला माहीत हवं. कमावता माणूस अचानक गेला तर वारसांच्या हिश्शाचे, विम्याचे, बँकेचे कागद त्याच्या पासवर्डमागे अडकून पडू नयेत. वसीयत करताना आपण देणं-घेणं लिहितो, तशी एक ओळ याचीही लिहावी.

नूरच्या घरच्यांना तिचं काय झालं हे कळायला युद्धानंतर काही वर्षं गेली. आधी ती दुसऱ्याच छावणीत मेली असं समजलं गेलं होतं. एसओईतल्या व्हेरा ॲटकिन्स या बाई जर्मनीत फिरून एकेका तुरुंगाच्या नोंदी तपासत होत्या, त्यातून फोर्झहाईम आणि मग डाखाऊ उलगडलं. फ्रान्सने 1946 मध्ये क्रॉइक्स द गेर दिलं. ब्रिटनने एप्रिल 1949 मध्ये जॉर्ज क्रॉस दिलं. त्याच वर्षी अमीना बेगम वारल्या. 2006 मध्ये श्रावणी बसू यांनी तिचं इंग्रजी चरित्र लिहिलं, आणि त्यांच्याच खटपटीने 8 नोव्हेंबर 2012 रोजी लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला. 2020 मध्ये लंडनमधल्या तिच्या घरावर निळी पाटी लागली.

तिची कबर कुठेच नाही. वालिदांचा दर्गा मात्र दिल्लीत, निजामुद्दीन बस्तीत आहे, हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला जाणारे आपले लोक औलियांच्या दर्ग्यावर जातातच. तिथून थोडं आत गेलात तर इनायत खान साहेबांची मजार लागेल. फातेहा पढताना नूरचंही नाव घ्या, आणि जमलं तर मॅडलिन दामेरमाँचंही.